दहापैकी आठ मार्कांचं लाकूड

फर्स्ट इयरच्या वर्कशॉप ओरलमध्ये मला एकच प्रश्न आला होता. टेबलावर माझा क्रॉस लॅप जॉइंट ठेवून सरांनी विचारलं, "हे लाकूड कुठलं?" मी दोन सेकंद विचार केला आणि पूर्ण आत्मविश्वासाने सांगितलं, "सर, आपल्याच वर्कशॉपमधलं!"

मागे उभी असलेली अख्खी बॅच हसली. सरसुद्धा हसले आणि त्यांनी पुढचा रोल नंबर पुकारला. मला दहापैकी आठ मिळाले. आता खरं सांगायला हरकत नाही. तो जॉइंट करवतीने कापला होता कारपेंट्री शॉपच्या काकांनी, पटाशीने साफ केला होता माझ्या पार्टनरने आणि मी त्याला पॉलिश पेपर मारून मागे रोल नंबर लिहिला होता. म्हणजे ते आठ मार्क रोल नंबरचेच म्हणायचे! आणि मित्रांनो, मला एकटीला हसू नका. तुमच्या जॉबची गोष्ट यापेक्षा फार वेगळी नसणार, हे तुम्हालाही माहीत आहे आणि काकांनाही.

हा लेख त्या आठ मार्कांबद्दल आहे. मध्ये एक मँडोलिन येईल, ते ओघाने.

झालं असं, की मागच्या वर्षी डोंबिवली पूर्वेचं आमचं आजोळचं जुनं बैठं घर रिडेव्हलपमेंटला गेलं. सामान हलवताना माळ्यावर आजोबांचं मँडोलिन सापडलं. आजोबा तरुणपणी ऑर्केस्ट्रात वाजवायचे एवढं ऐकून होते, वाद्य पहिल्यांदाच पाहिलं. पाहण्यासारखं फार उरलं नव्हतं म्हणा. पोटाची फळी वाळवीने खाल्ली होती. आठ खुंट्या आणि तारा अडकवायची मागची पितळी पट्टी तेवढी शाबूत होती.

मँडोलिन म्हटलं की आपल्याला 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मधला (१९९५) शाहरुख आठवतो. पण मुंबईच्या सिनेसंगीतात हे वाद्य त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. संगीतकार सज्जाद हुसेन मँडोलिनचे उस्ताद होते, ते त्यावर राग वाजवायचे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर मुळात मँडोलिनवादक. तिकडे दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी इलेक्ट्रिक मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवून दाखवलं. थोडक्यात, इटलीहून आलेलं हे वाद्य आपल्याकडे चांगलंच रुळलं.

त्याच आठवड्यात जुन्या घराची दारं, चौकटी आणि वासे न्यायला भंगारवाला आला. सागवानी दारं, आणि आजीच्या शिसवी पलंगाची डोक्याकडची मोडकी फळी, सगळं किलोच्या भावाने. मी आणि हॉस्टेलवरची माझी मैत्रीण (नाव छापत नाही, कारण पुढे एक बंदी असलेला वॉटर हीटर येणार आहे) दोघींनी ठरवलं, याच लाकडातून नवं मँडोलिन करायचं. सपाट पोटाचं. म्हणजे व्हायोलिनसारखी फळी कोरून फुगीर करायला नको, गिटारसारखी सपाट फळी बसवली की झालं. 'झालं' हा शब्द किती महाग पडतो ते नंतर कळलं.

लायब्ररीत मिळालेल्या एका पुस्तकात लाकडं ठरलेली होती. पोटाला स्प्रूस, पाठीला मेपल किंवा रोझवूड. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. स्प्रूस ख्रिसमस कार्डावर पाहिलेला, मेपल गोष्टीच्या पुस्तकात वाचलेला. नावं ओळखीची, म्हणून लाकडंही चांगली वाटली! मग कळलं की पुस्तकातलं 'ईस्ट इंडियन रोझवूड' म्हणजे आपलं शिसवी लाकूड. आपल्या सह्याद्रीत वाढणारा शिसव. लहानपणी ज्या पलंगावर उड्या मारून ओरडा खाल्ला, तोच माल! अमेरिकेतली नावाजलेली मार्टिन गिटार कंपनी आधी ब्राझीलचं रोझवूड वापरायची. तिकडून ओंडके मिळेनासे झाले तेव्हा १९६९पासून तिने आपल्या नेहमीच्या मॉडेल्सना भारतातला शिसव लावायला सुरुवात केली. पुढे २०१७पासून शिसवासकट त्या कुळातल्या सगळ्याच झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस कराराची बंधनं आहेत. (तयार वाद्यांना २०१९ साली त्यातून सूट मिळाली.) तेव्हा नवा शिसव तोडा असं कोणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण जगातले कारागीर ज्या लाकडासाठी परवाने काढतात, ते डोंबिवलीत किलोवर भंगारात जात होतं, हेही खरं.

तर आम्ही कामाला लागलो. जुन्या मँडोलिनवर मोजलं तर तारेची वाजणारी लांबी ३५२ मिलिमीटर भरली. आता पडदे, म्हणजे फ्रेट्स, कुठे बसवायचे? हे गणित मला एम-वनच्या अख्ख्या सिलॅबसपेक्षा आवडलं. दोनचं बारावं मूळ १.०५९५. त्यावरून नियम असा निघतो, की उरलेल्या लांबीला दरवेळी १७.८१७ने भागायचं. पहिला पडदा १९.८ मिलिमीटरवर, मग उरलेल्या लांबीवरून दुसरा, आणि असं करत बारावा बरोबर मधोमध, १७६वर. अर्धा मिलिमीटर चुकलात तर कान लगेच पकडतो. जर्नलमध्ये आपण अशा चुका 'ह्यूमन एरर' म्हणून सोडून देतो. इथे तो एरर दर वेळी वाजतो.

पाठ आणि कडा शिसवी. कडेची दोन मिलिमीटरची पट्टी गरम पाण्यात भिजवून (हीटर आला!) तापलेल्या लोखंडी पाइपवर वाकवायची असते. पहिल्या दोन पट्ट्या काडकन मोडल्या. तिसरी घेतली तेव्हा काका स्वतःच्या स्टुलावरून उठून आले. पट्टी उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "अगं, धागा बघ. तिरका निघालाय बाहेर. मोडेल नाहीतर काय होईल? सरळ धाग्याची काढ." बस्स, एवढंच. त्यांनी दाखवलेल्या रेषेवर करवत चालवली आणि पट्टी पापडासारखी वळली.

त्या दिवसापर्यंत काकांशी आमचं बोलणं 'काका, जॉब तपासा ना' एवढंच होतं. पुढच्या चार महिन्यांत त्यांनी आम्हाला रंध्याचं पातं लावायला शिकवलं, गुण्या कसा धरायचा ते शिकवलं, आणि लाकडाचा वास घेऊन ते सांगायला शिकवलं. सागाला तेलकट वास असतो. शिसवाला गोडसर. माझ्या दहापैकी आठ मार्कांत हे कुठेच नव्हतं.

पोटाची फळी मात्र आमच्या हट्टाने आम्ही दाराच्या सागाची केली. सत्तर वर्षं वाळलेलं लाकूड, याहून चांगलं काय असणार? तारा चढवल्या, सूर लावला, छेडलं... आणि आवाज आला 'टक'. टेबलावर बोट वाजवावं तसा. दोघींची तोंडं बघण्यासारखी झाली. काका म्हणाले, "दिसायला फस्क्लास झालंय." कौतुकाची याहून वाईट पद्धत नाही.

शेवटी एका शनिवारी कल्याणहून कोयना एक्स्प्रेस धरली आणि मिरजेला गेले. मिरज म्हणजे तानपुरा आणि सतार. तिथे शिकलगार मंडळी पूर्वी शस्त्रांना धार लावायची. तलवारींचे दिवस सरले तसे त्यांच्यातले काही जण तंतुवाद्यांकडे वळले. त्यात पहिलं नाव फरीदसाहेबांचं घेतात. तेव्हापासून दीडशेहून अधिक वर्षं पिढ्यान्‌पिढ्या हे काम चाललं आहे, इतकं की 'सतारमेकर' हे आडनावच झालं. भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातून, भीमेकाठाहून. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

एका कारखान्यात, म्हणजे दहा बाय पंधराच्या एका खोलीत, एक वयस्कर कारागीर तानपुऱ्याची घोडी घासत बसले होते. मी माझं मँडोलिन पुढे केलं. त्यांनी तार छेडलीच नाही. पोटाच्या फळीवर बोटाचं पेर वाजवलं, कान लावला, पुन्हा एकदा वाजवलं आणि म्हणाले, "बेटा, हे तर दार आहे."

मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं, बरं का!

"दार चांगलं आहे," ते पुढे म्हणाले. "पण दाराचं काम आवाज अडवायचं."

तासाभरात मला जे कळलं ते असं. ज्याला मी सारखं 'साउंडबोर्ड' म्हणत होते तिला इथे तबली म्हणतात. ब्रिज म्हणजे घोडी, नेक म्हणजे दांडी. वाद्याच्या प्रत्येक अवयवाला आपल्याकडे शब्द आहे आणि त्या शब्दामागे कोणाचा तरी हात आहे. तबलीला ते तून वापरतात, कारण ते लाकूड हलकं. तून मला मिळणार नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग शिवण घे. तुमच्या बाजूच्या डोंगरात असते." मी वहीत 'शिवण' लिहिलं आणि परतीच्या गाडीत पुणं येईपर्यंत विचार करत होते, की शिवणकामाचा इथे काय संबंध! आईला फोन केला तेव्हा उलगडा झाला, की शिवण नावाचं झाड असतं. कॉन्व्हेंटचा फायदा असा.

परत आल्यावर आम्ही जे आधी करायला हवं होतं ते केलं. मोजमाप! तबलीला दोन उलट गोष्टी हव्या असतात. आठ तारा मिळून सुमारे ७० ते ८० किलोंचा ताण देतात. घोडीवर त्यातला पंधरा-वीस किलोंचा दाब खाली पडतो, म्हणून फळी ताठ हवी. आणि तारेच्या एवढ्याशा थरथरीने ती हलली पाहिजे, म्हणून हलकी हवी. स्प्रूसचं वजन घनमीटरला साधारण ४०० ते ४५० किलो, सागाचं ६५०च्या आसपास. ताठपणा, म्हणजे यंग्ज मोड्युलस, दोघांचाही ११-१२ गिगापास्कलच्या घरात. म्हणजे तेवढ्याच ताठपणासाठी साग जवळजवळ दीडपट वजन वागवतो. मग पातळ करू म्हणावं, तर ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात जातो. जाडी एक तृतीयांशाने कमी केली की ताठपणा एक तृतीयांशही उरत नाही. आम्ही हे सगळं एसओएममध्ये शिकलो होतो. परीक्षेत त्यावर मार्कही घेतले होते. तरीसुद्धा दार बसवलं!

मग वर्कशॉपमध्ये तीन लाकडांच्या एकसारख्या पट्ट्या केल्या, ३० मिलिमीटर रुंद, ५ जाड. ३०० मिलिमीटर अंतरावर दोन टेकू, मधोमध एक किलोचं वजन, आणि डायल गेज. सागाची पट्टी १.६ मिलिमीटर वाकली. आकडेमोड केली तर मोड्युलस ११ गिगापास्कल. पुस्तकाशी इतकं जुळलं की आम्ही दोघींनी एकमेकींना टाळी दिली. दुसरी पट्टी शिवणीची. तिच्यासाठी कल्याणच्या तीन वखारी हिंडलो. दोघांनी "प्लाय घेऊन जा" म्हटलं. तिसऱ्या मालकांनी मागच्या ढिगातून एक धुळकट फळी काढली आणि म्हणाले, "शिवण मागणारं गिऱ्हाईक हल्ली येतच नाही." तिसरी पट्टी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कंपनीत परदेशी मशीन ज्या खोक्यातून आलं त्या पाइनची.

शिवण सागापेक्षा थोडी जास्त वाकली, पण वजनाला बरीच हलकी. खोक्याचं पाइन तिच्याहूनही हलकं, पण दर वितीला गाठ. वाद्याला पुरेल एवढी सलग फळी त्यातून निघेना. शिवण ठरली. मेसच्या काट्यावर दर रविवारी ती फळी तोलली. (मेसच्या मावशींनी विचारलं, "हे काय शिजवायचंय का?") सलग तीन रविवार वजन बदललं नाही तेव्हाच तिला हात लावला. पावसाळ्यात ओली बसवली असती, तर जानेवारीत आकसून तडकली असती. जुनी तबली आम्ही काकांच्या आग्रहाने सरसाने चिकटवली होती. गरम पातं आणि वाफ दिल्यावर ती अलगद सुटून आली. फेव्हिकॉल लावला असता, तर दारासकट पाठही गेली असती.

नवी तबली बसली. आवाज आला. मोठा नाही म्हणणार, गोड म्हणणार, आणि मुख्य म्हणजे तार छेडल्यावर तो थांबतो कधी याची वाट बघावी लागते. हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये वाजवलं तेव्हा कोपऱ्यातली कॅरमची सोंगटी थांबली. आमच्यासाठी तो ऑस्कर होता.

आता एक प्रामाणिक गोष्ट. फरक फक्त लाकडाने पडला असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दुसऱ्या वेळी आमचा हात सुधारला होता, आतल्या पट्ट्याही आम्ही बारीक केल्या होत्या. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगाचा पहिला नियम आम्ही पाळला नाही. मोठमोठ्या लोकांनी तो पाळून पाहिला आहे. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा गिटारी बनवून घेतल्या, बाकी सगळं सारखं, फक्त पाठ आणि कडा वेगवेगळ्या लाकडांच्या. ५२ वादकांना वेल्डिंगचे गॉगल घालून अंधुक उजेडात त्या वाजवायला दिल्या. २०१८ साली निष्कर्ष छापून आला. महागडं ब्राझिलियन रोझवूड आणि साधं लाकूड यांत वादकांना फारसा फरक सांगता आला नाही. आणि त्याच्याही आधी, १९९५ साली, अमेरिकेतल्या बॉब टेलर या गिटार बनवणाऱ्याने माल वाहायच्या ओकच्या पॅलेटपासून गिटार करून दाखवली होती, कारागिरी मोठी की लाकूड, याचं उत्तर म्हणून.

आता माझं मत. हा 'मत' या सदरातला लेख आहे, त्यामुळे ते द्यावंच लागेल.

लाकडाच्या बाबतीत आपण दोन प्रकारचे आळशी आहोत. पहिला आळस म्हणजे पुस्तकात स्प्रूस लिहिलंय ना, मग स्प्रूसच मागवा, आपलं काय कामाचं! दुसरा आळस याच्या उलट, आणि तो जास्त गोड लागतो. आपलं ते सोनं! आजोबांच्या दाराचा साग आहे, वाजणारच! मी दोन्ही आळस केले. दोन्ही वेळा फळी काय म्हणते ते न विचारता मी तिचं आडनाव विचारत होते. मिरजेच्या कारागिराने आडनाव विचारलं नाही. त्यांनी पेर वाजवलं. डायल गेज तेच करतो, फक्त आकड्यात. शिवण आपली आहे म्हणून ती चांगली नाही. हलकी आहे, पुरेशी ताठ आहे, नीट वाळल्यावर फारशी वळत नाही, म्हणून चांगली आहे. ती आपल्या डोंगरात असते आणि आपल्याला तिचं नाव माहीत नसतं, ही मात्र आपली नामुष्की.

आणि आता खरा मुद्दा. हे सगळं मला कोणी शिकवलं? पुस्तकाने थोडं, मिरजेने एका दुपारी, आणि बाकी सगळं कारपेंट्री शॉपच्या काकांनी. मिनी प्रोजेक्टचा फॉर्म भरताना 'गाइड' या रकान्यात आम्ही त्यांचं नाव लिहिलं. फॉर्म परत आला. गाइड फॅकल्टीच असावा लागतो. नियम आहे, मान्य. ज्या मॅडमनी नंतर सही केली त्यांनी मनापासून मदत केली, त्यांचे आभार. पण धागा तिरका आहे हे उजेडात पाहून सांगणारा माणूस आपल्याच आवारात पंचवीस वर्षं बसला आहे, आणि त्याचं ज्ञान आपल्या एकाही फॉर्मच्या रकान्यात बसत नाही, ही गोष्ट मला टोचते. मिरजेच्या हाताला मानांकन मिळतं, टाळ्या वाजतात. आपल्या वर्कशॉपमधल्या हाताला आपण 'काका, जरा पटकन कापून द्या ना' म्हणतो.

काका येत्या जूनमध्ये रिटायर होत आहेत. त्यांच्या जागी कोणी येणार की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. कारपेंट्रीची बाकं हलवून तिथे आणखी एक कॉम्प्युटर लॅब होणार अशी चर्चा आहे. लॅबला माझा विरोध नाही. मीसुद्धा सॉफ्टवेअरवरच मँडोलिनची तबली पहिल्यांदा वाकवून पाहिली होती. त्या मॉडेलमध्ये मी लाकूड सगळ्या दिशांना सारखंच धरलं होतं. उत्तर रंगीत आणि देखणं आलं, आणि साफ चुकीचं. लाकूड धाग्याच्या दिशेत जेवढं ताठ असतं, त्याच्या आडव्या दिशेत दहाव्या हिश्शाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. हे मला स्क्रीनने सांगितलं नाही. मोडलेल्या पट्टीने सांगितलं. लॅब करा, पण पट्टी मोडायची जागा बंद करू नका.

"हे करून पॅकेज वाढणार आहे का?" असं माझ्या एका वर्गमित्राने विचारलं. नाही वाढणार. प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूमध्ये शिवणीबद्दल कोणी विचारणार नाही. पण उद्या कोणी हातात एखादा नवा मटेरियल देऊन "हे वापरू का?" विचारलं, तर मी आधी त्याचं नाव विचारणार नाही, एवढं शिकले. चार वर्षांत एवढं एक शिकणं वाईट नाही.

म्हणून संबंधितांना तीन विनंत्या. एक, आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्कशॉप सहापर्यंत उघडं ठेवावं, पाहिजे तर सुरक्षिततेचं हमीपत्र लिहून घ्यावं. दोन, वर्कशॉपच्या अनुभवी माणसांना प्रोजेक्टचे सह-मार्गदर्शक म्हणून फॉर्मवर एक रकाना द्यावा. कागदाला एक ओळ जास्त लागेल. तीन, फर्स्ट इयरच्या जॉबचे मार्क रोल नंबरला न देता हाताला द्यावेत. ज्याचा जॉइंट वाकडा पण स्वतःचा, त्याला आठ. ज्याचा सरळ पण काकांचा, त्याला शून्य. या नियमाने मला शून्य मिळालं असतं. चालेल.

आणि हॉस्टेलवासीयांना एकच. आपल्या भागात रोज एक जुनी इमारत पाडली जाते आहे. ठाण्यात, कल्याणला, डोंबिवलीला. ढिगाऱ्याजवळून जाताना एखादी फळी उचला, पेर वाजवा, कान लावा. दार निघालं तर दार. पण कदाचित तबली निघेल.

काका जूनपर्यंत आहेत. शॉप साडेचारला बंद होतं. जरा आधी या.